जलाशयांच्या पातळ्यांची तुलना

जलाशयांच्या पातळ्यांची तुलना : धरण किंवा तलावातील पाण्याचा पृष्ठभाग एखाद्या ठरलेल्या शून्यापासून जितक्या उंचीवर असतो, त्या उंचीस तलांक म्हणतात. धरण इतके टक्के भरले, ही रोजची नोंद तलांकावरूनच काढलेली असते.

दोन तलांक शेजारी मांडण्यापूर्वी त्यांचे शून्य एकच आहे का, हे पाहावे लागते. पाटबंधारे खात्याचे तलांक सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. ही सपाटी भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबई, कारवार, मद्रास इ. नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरविली व ती १९०९ ची म्हणून ओळखली जाते. मुंबई महापालिकेच्या तलावांचे तक्ते मात्र टाउन हॉल शून्यावर (शहराच्या स्वतःच्या मोजणीच्या शून्यावर) असतात. हे शून्य समुद्रसपाटीच्या सु. २४ मी. खाली आहे. म्हणून तक्त्यातील विहारचे ८०.१२ मी. आणि कोयनेचे ६५९.४३ मी. (२,१६३.५ फूट) यांची थेट वजाबाकी चुकीची ठरते.

क्षमता तक्त्याशिवाय (कोणत्या तलांकाला किती साठा, हे सांगणारा तक्ता) नुसत्या तलांकावरून साठा कळत नाही. मुंबईच्या तक्त्यात तुळशीची पूर्ण पातळी १३९.१७ मी. व भातसाची १४२.०७ मी. आहे, अंतर तीन मीटरही नाही, पण भातसाचा साठा तुळशीच्या सु. ८९ पट आहे. उजनीत किमान पातळी ४९१.०३ पासून पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मी. पर्यंतच्या ५.८ मी. थरात ५३.५७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) उपयुक्त साठा मावतो, म्हणजे मीटरला सरासरी ९ टीएमसीहून अधिक. याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृत साठा (उपयुक्त साठ्यात न धरलेला) राहतो. पातळी त्यात उतरली की टक्केवारी उणे लिहितात. धरण कोरडे पडले असा त्याचा अर्थ नव्हे. (१ टीएमसी = २८.३१७ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर.)

पातळी धरणाच्या पाण्याकडील बाजूस बसविलेल्या मोजपट्टीवर वाचतात. वारा असल्यास लाटेचा माथा व तळ यांची सरासरी घेतात. वाचलेला तलांक क्षमता तक्त्यात पाहून एकूण साठा काढतात, त्यातून मृत साठा वजा करतात आणि उरलेल्यास पूर्ण उपयुक्त साठ्याने भागून शंभराने गुणतात. चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. जायकवाडीसारख्या (पूर्ण पातळी १,५२२ फूट) जुन्या प्रकल्पांवर फूट अजून रूढ आहेत आणि दशांश फुटांना इंच समजले जाते, १,५२१.७५ फूट म्हणजे १,५२१ फूट ९ इंच. दुसरी चूक जुन्या क्षमता तक्त्याची. गाळ साचल्यावर तक्ता नव्याने केला नाही, तर साठा फुगवून दिसतो.

कृष्णा खोऱ्यात ही तुलना वादग्रस्त ठरली. कर्नाटकातील आलमट्टी धरणामुळे वरच्या बाजूस कोल्हापूर भागात पूर वाढतो का, हा तेथील वाद आहे. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मी. असून ती ५२४.२५६ मी. पर्यंत नेण्यास दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ५४३.२९ मी. तलांकाची, म्हणजे आलमट्टीच्या सध्याच्या पातळीहून सु. २३.७ मी. उंच आहे. इतक्या अंतरामुळे धरणाचा फुगवटा (मागे साचलेले पाणी) तेथवर पोहोचत नाही, असे एक मत आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही आलमट्टी व कर्नाटकातीलच हिप्परगी बंधारा यांना त्या पुराचे कारण मानले नाही. विरोधी मतानुसार पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसून उताराचा असतो. खाली निचरा मंदावला की वरची पातळी चढते, आणि गाळ, पूल व बंधारे त्यात भर घालतात. स्थिर तलांकांची नुसती वजाबाकी पुरेशी नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टी व स्थानिक धरणांचे विसर्ग हे समितीचे स्पष्टीकरण २०१९ पुरते अधिक ग्राह्य वाटते. वाढीव ५२४.२५६ मी. पातळीला मात्र ते आपोआप लागू करता येत नाही. त्यासाठी प्रवाहाचे स्वतंत्र गणित करावे लागते.

कोयनेत तलांकाचे महत्त्व वीजनिर्मितीशी निगडित आहे. पाणी घेण्याच्या मुखाखाली पातळी गेली की साठा असूनही तो बोगद्यात शिरत नाही. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा जलाशयाचा तळ भेदून (लेक टॅपिंग) खालच्या पातळीवरील पाण्याला वाट करून देण्यात आली.

लोणार सरोवरास सांडवा वा बहिर्वाह नसल्याने पूर्ण संचय पातळी ही संज्ञा तेथे गैरलागू आहे. पाऊस व झरे यांनी पाणी चढते, बाष्पीभवनाने उतरते. त्याची तुलना त्याच्याच मागील वर्षांच्या पातळीशी करतात.