‘परमेश्वर म्हणतो’ याची पारख कोणी करायची?

‘प्रभू तुला सांगतो, ही नोकरी सोड.’ ‘याच मुलाशी लग्न कर, मला दर्शन झालंय.’ पेंटेकॉस्टल आणि करिश्मॅटिक, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत डोक्यावर हात ठेवून दिले जाणारे असे वैयक्तिक संदेश आता कोणाला नवे वाटत नाहीत. संदेश शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून पाहा, असं पाळकही सांगतात. पण कोणती नोकरी सोडायची आणि कोणाशी लग्न करायचं, याबद्दल शास्त्रात वचनच नाही. मग ताडायचं कशाशी? मंडळीला हा पेच पहिल्या पिढीपासूनच पडलेला आहे.

बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातली कसोटी बहुतेकांना ठाऊक असते: संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, सांगितलेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. त्याआधीच्या १३व्या अध्यायातली कसोटी मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि ती जास्त कडक आहे. चिन्ह घडलं, भाकीत खरं ठरलं, तरी तो माणूस दुसऱ्या देवांच्या मागे चला म्हणत असेल तर त्याचं ऐकायचं नाही. ‘त्यांनी सांगितलं तस्संच झालं’ ही साक्ष एवढ्याने पुरी होत नाही, हे तिथे साफ लिहिलेलं आहे.

वाट पाहणं हाही पारखण्याचाच भाग होता. जुन्या करारातल्या हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, याजकांसमोर, दोन वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलची सत्ता, मोडेल असं जाहीर केलं. यिर्मया या संदेष्ट्याने त्याला तिथल्या तिथे खोटं पाडलं नाही. ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ म्हणाला आणि एवढंच सुनावलं, की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा ते खरं झाल्यावरच ओळखू येतो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्याने काढून मोडलं, तेव्हाही तो नुसता निघून गेला. हनन्याविरुद्धचं वचन त्याला नंतर मिळालं आणि मग तो परत आला.

नव्या करारातलं सगळ्यात बोलकं उदाहरण प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ मध्ये आहे. प्रेषित पौल यरुशलेमेला निघालेला. सोरमधले शिष्य त्याला ‘आत्म्याच्या द्वारे’ सांगतात, जाऊ नकोस. पुढे कैसरियात फिलिप्पाच्या घरी अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेतो, आपलेच हातपाय बांधतो आणि म्हणतो, या कमरबंदाच्या मालकाला यहूदी असंच बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. सगळे रडतात, विनवतात. पौल तरीही जातो. त्याला आज्ञाभंग केल्याचा दोष कोणी देत नाही. ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून मंडळी गप्प होते. संकट येणार ही माहिती खरी होती, पण म्हणून जाऊ नये हा त्यातून काढलेला निष्कर्ष माणसांचा होता, असं अनेक भाष्यकार मानतात. मलाही हेच पटतं. आजचे कितीतरी घोळ या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात.

करिंथच्या मंडळीला पौलाने घालून दिलेला नियम छोटा आहे: दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. ‘इतरांनी’, म्हणजे चारचौघांत. कोपऱ्यात एकट्याला गाठून दिलेला आणि ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून बजावलेला संदेश या नियमात बसतच नाही.

पुढच्या पिढीची मोठी गंमतीदार नोंद ‘डिडाखे’ या छोट्या नियमावलीत सापडते. अनेक अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हाती लागलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांचं आणि संदेष्ट्यांचं करायचं काय, हा तिच्यापुढचा प्रश्न. आत्म्यात बोलत असलेल्याची परीक्षा घेऊ नका, असं ती आधी बजावते. मग त्याच्या वागण्याकडे बोट दाखवते. पाहुणा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना भाकरीपलीकडे पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असताना पानं मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला तर खोटा. ‘मला पैसे द्या’ असं आत्म्यात म्हणाला तर ऐकू नका. दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका. इथे वचनांची ताडणी कमी आणि माणसाची पारख जास्त आहे. लिहिणाऱ्याला पाहुण्यांचा चांगलाच अनुभव असावा!

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिजियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, माँटानस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किला व मॅक्सिमिला यांनी ‘नवी भविष्यवाणी’ सुरू केली. आपल्यामागे युद्धं होतील, असं मॅक्सिमिलाने सांगितलं होतं. तिच्या मृत्यूला तेरा वर्षं उलटली तरी शांतता आहे, असं एका विरोधकाने लिहिलं. ते मंडळीचा आद्य इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलंय. तर्तुल्यनासारखा कडवा विद्वान याच गटाकडे वळला, तेव्हा सगळे अनुयायी भोळे होते असं म्हणायची सोय नाही. या वादानंतर मुख्य प्रवाहातली मंडळी संदेष्ट्यांकडे संशयाने पाहू लागली.

सोळाव्या शतकात तो संशय पक्का झाला. १५२१ च्या अखेरीस जर्मनीतल्या त्स्विकाऊचे ‘संदेष्टे’ धर्मसुधारक ल्यूथरच्या विटेनबर्गला पोहोचले आणि तिथली गडबड शमवायला १५२२ च्या मार्चमध्ये त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यातून परतावं लागलं. जर्मनीतल्याच म्युन्स्टरमध्ये यान मॅथीस या संदेष्ट्याने १५३४ च्या ईस्टरला न्यायाचा दिवस येणार असं सांगितलं. त्या दिवशी तो मोजक्या माणसांनिशी शहराला वेढा घातलेल्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. प्रॉटेस्टंटांचा ‘केवळ शास्त्र’ हा आग्रह रोमच्या पोपसत्तेइतकाच अशा माणसांविरुद्धही होता.

विसाव्या शतकात वारं फिरलं, आणि त्यात आपला केडगावही आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, आलं: मुलींचं रडणं, मोठ्याने एकत्र प्रार्थना, पुढे अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषांत बोलणं. पेंटेकॉस्टल पंथाची सुरुवात म्हणून सांगितली जाणारी लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची चळवळ त्यानंतरची, १९०६ ची. या सगळ्या गदारोळाच्या काळातच रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायकाच करत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. आत्म्याचा उमाळा आणि मूळ पाठाची चिकाटी एकाच आवारात नांदत होती.

आजच्या पद्धतीचा, म्हणजे हात ठेवून एकेकाला संदेश देण्याचा, मोठा प्रसार १९४८ पासून झाला. कॅनडात सस्कॅचवानमधल्या नॉर्थ बॅटलफर्डला ‘लॅटर रेन’ चळवळ उठली. हात ठेवून व भविष्यवाणीने कृपादानं (आत्म्याची वरदानं) वाटण्या-ओळखण्यावरचा तिचा भर असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संस्थेलाच खटकला. १९४९ मध्ये त्यांनी ठराव करून नापसंती नोंदवली. तरीही प्रथा करिश्मॅटिक मंडळ्यांत रुजली. १९८० च्या दशकात अमेरिकन ईश्वरविज्ञानी वेन ग्रूडेम यांनी तिला ईश्वरविज्ञानाचा आधार दिला: मंडळीतला संदेश शास्त्राच्या तोडीचा नसतो, तो चुकू शकतो. त्यांचा दाखला पुन्हा अगबाचा, त्याचे तपशील चुकले असा. पौलाला बेड्या घातल्या त्या रोमी सरदाराने, आणि यहूदी त्याला हवाली करत नव्हते, मारून टाकायला निघाले होते. विरोधक विचारतात, अगब तर ‘पवित्र आत्मा म्हणतो’ असं म्हणाला. चुकीची मुभा ठेवायची तर ते शब्द वापरायचे कशाला? हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

२०२० च्या अमेरिकन निवडणुकीत ट्रम्प पुन्हा निवडून येणार, असं अनेक नामांकित संदेष्ट्यांनी सांगितलं होतं. ते पडल्यावर काहींनी माफी मागितली, काहींनी तारखा पुढे ढकलल्या. एप्रिल २०२१ मध्ये करिश्मॅटिक नेत्यांनीच आचारसंहितेवजा निवेदन काढलं: तपशील देऊन जाहीरपणे केलेलं भाकीत खोटं ठरलं तर संदेष्ट्याने पूर्ण जबाबदारी घ्यावी, आणि कृपादान पैशासाठी किंवा सत्तेसाठी वापरू नये. पैशाचं कलम डिडाखेतही होतं. खोट्या ठरलेल्या संदेष्ट्याला मंडळीने पुढे काय करायचं, याबद्दल मात्र आजही एकमत नाही.