रेतीवरचा तपकिरी थर: डायटम की डायनो?

घरच्या समुद्री टाकीत रेतीवर तपकिरी थर चढला की बहुतेकांचा हात तीन गोष्टींकडे जातो: पाणी बदलणं, फॉस्फेट शोषणारे जीएफओचे दाणे लावणं आणि माशांचं खाणं कमी करणं. थर डायटमचा, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळाचा असेल तर यातलं बरंचसं चालून जातं. तो डायनोफ्लॅजेलेटचा, म्हणजे पोहू शकणाऱ्या एकपेशीय जीवांचा, टाकीवाल्यांच्या बोलीत डायनोचा असेल, तर याच तिन्ही गोष्टींनी तो बळावतो. आधी गोगलगायी मरतात, मग झोअँथिड (बटणांसारखे गुच्छाने वाढणारे मऊ प्रवाळ) मिटतात आणि काही आठवड्यांत गळू लागतात. दोन्ही थर तपकिरी, दोन्ही आधी रेतीवर येणारे, दोन्ही उजेडावर वाढणारे. म्हणून काहीही ओतण्याआधी किंवा काढण्याआधी एक दिवस फक्त ओळख पटवण्यासाठी ठेवा, हे आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

पुढचं सगळं पुण्यातल्या, मऊ प्रवाळांच्या टाकीबद्दल आहे: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. भित्तिका बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. कुणी छोटा तुकडा देऊ केला तरी तो घेऊ नये.

डोळ्यांनी काय दिसतं

डायटमचा थर भुकटीसारखा असतो. काचेवर बोट फिरवलं की तो धुरासारखा उडतो आणि खाली बसतो. रंग सोनेरी-तपकिरी, जाडी सगळीकडे साधारण सारखी. ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी तो आवडीने खातात, त्यांच्या मागे काचेवर स्वच्छ पट्टे उरतात. जिवंत प्रवाळांच्या अंगावर तो सहसा बसत नाही.

डायनो शेंबडासारखे असतात. पिपेटने ओढले तर तार सुटते, प्रवाहात लांब धागे हलत राहतात आणि धाग्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. झोअँथिडच्या देठांवर, दोन पॉलिपच्या (प्रवाळाच्या फुलासारख्या तोंडांच्या) मधल्या फटीत आणि पंपाच्या जाळीवरही ते चिकटतात. मात्र केवळ बुडबुड्यांवरून निर्णय घेऊ नका. उजेडात प्रकाशसंश्लेषण करणारा कुठलाही दाट थर बुडबुडे सोडतो, जाड झालेला डायटमचा थर आणि लालसर सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा थरसुद्धा.

वेळेची खूण जास्त भरवशाची आहे. दिवे लागायच्या तासभर आधी, पहाटे, टॉर्च घेऊन रेती बघा. डायटमचा थर रात्री होता तसाच जवळपास असतो. डायनोचा थर रात्रीतून विरळ होतो, काही जाती पाण्यात सुटतात, काही रेतीत खाली उतरतात, आणि दिवे लागल्यावर दोन-चार तासांत तो पुन्हा उभा राहतो. संध्याकाळी सायफनने साफ केलेली रेती दुसऱ्या दुपारी जशीच्या तशी तपकिरी झाली, तर संशय डायनोवर घ्यावा.

गोगलगायी उलट्या पडून राहू लागल्या, काचेवर चढेनाशा झाल्या, तर संशय आणखी वाढतो. ऑस्ट्रिऑप्सिस नावाच्या डायनोच्या जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं तयार करतात. म्हणूनच अशा टाकीचा सायफन तोंडाने ओढून कधीही सुरू करू नका. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे आणि ती झोअँथिडच्या टाकीत एरवीही धोक्याची आहे. नळी पाण्याने भरून घ्या, हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा.

झोअँथिड मिटलेले आहेत पण आसपास थर अजिबात नाही, तर डायटम आणि डायनो दोन्हींचा संशय सोडून द्या. रात्री टॉर्च लावून झोअँथिड खाणारे न्यूडिब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी) आणि त्यांच्या अंड्यांच्या गुंडाळ्या शोधा, देठांच्या बुडाशी सनडायल गोगलगायी आहेत का पाहा. ती वेगळी तपासणी आहे.

बाटलीची चाचणी आणि सूक्ष्मदर्शक

घरात लगेच करता येते ती बाटलीची चाचणी. पिपेटने थर ओढून पारदर्शक बाटलीत टाकीच्याच पाण्यात घ्या, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, मग कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर न हलवता ठेवा. सुट्या झालेल्या डायनोच्या पेशी कागदातून पार जातात आणि पुन्हा एकत्र येऊन धागे, गुठळ्या करतात. डायटमचं पाणी एकतर स्वच्छ राहतं किंवा तळाला बारीक साका बसतो. चाचणी चांगली आहे, पण डायनोची जात ती सांगत नाही, आणि उपचार जातीवर ठरतो.

म्हणून ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवाच: १० पटीची नेत्रिका, ४० पटीचं वस्तुभिंग. विद्यार्थ्यांसाठीचा साधा चालतो, आणि पुण्यात वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही कॉलेज प्रयोगशाळेत तो असतोच; ओळखीतून दहा मिनिटं मिळाली तरी काम होतं. नमुना ताजा, टाकीच्याच पाण्यात न्या. पेशी जिवंत असतानाची हालचाल हीच मुख्य खूण आहे. मोबाइल नेत्रिकेला लावून व्हिडिओ घ्या, फोटोवरून फसगत होते.

डायटम म्हणजे काचेच्या डब्या: होडीच्या, सुईच्या किंवा चकतीच्या आकाराच्या, कडा ताठ, बहुतेक स्थिर, काही संथ सरकणाऱ्या. डायनो डोळ्यांसमोर पोहतात. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा, एका टोकाने अडकल्यासारखा त्याच जागी झुलत, गोल फिरत राहतो. कूलिया बराचसा गोल, हालचाल तशीच. अँफिडिनियम लांबट-गोल, पुढे छोटी चोच, सरळ रेषेत सरकणारा. त्याच्या मोठ्या पेशीच्या जाती मुख्यतः रेतीतच राहतात. प्रोरोसेंट्रमच्या पेशीत मधोमध एक ठळक ठिपका दिसतो.

डायटम असतील तर पाण्याचा माग काढा

डायटमचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे पाण्यातली सिलिका संपली की त्यांची वाढ थांबते. नव्या टाकीत दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येणारा थर कोरड्या खडकातून आणि नव्या रेतीतून आलेल्या सिलिकेटवर वाढतो. त्याला उपचार नको. गोगलगायी सोडा आणि थांबा. जुन्या टाकीत तो परत येतो तेव्हा मात्र सिलिका कुठून तरी रोज येते आहे, आणि पुण्यात पहिला संशय भरण्याच्या, म्हणजे उडालेल्याच्या जागी रोज ओतायच्या, पाण्यावर घ्यायला हवा.

पुणं दख्खनच्या बेसाल्टवर उभं आहे. या खडकातली सिलिकेट खनिजं झिजतात तशी सिलिका भूजलात उतरते. वाघोलीच्या खाणींत सापडणारे कॅव्हनसाइट आणि स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिक हीसुद्धा सिलिकेटच. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मृदू असतं. सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागला किंवा बोअरचं पाणी इमारतीच्या साठवण टाकीत मिसळलं, की आरओवरचा भार एकदम वाढतो.

आता मोठी फसगत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर शून्य दाखवतो, म्हणून पाणी शुद्ध मानलं जातं. पण हा मीटर विद्युतवहन मोजतो, आणि साधारण पीएचला पाण्यातली सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित सिलिसिक आम्लाच्या रूपात असते. ती मीटरला दिसत नाही. आरओनंतर उरलेले क्षार पकडणारं डीआय रेझिनही तिला ढिलंच धरतं. रेझिन भरत आलं की आधी सिलिका निसटू लागते आणि टीडीएस नंतर वाढतो. म्हणून डीआयच्या दोन कुप्या एकापाठोपाठ लावा. पहिलीनंतरचा टीडीएस वाढू लागला की ती काढा, दुसरी तिच्या जागी आणा, मागे नवी लावा. सिलिकेटचं टेस्ट किट घेऊन भरण्याचं पाणी वेगळं तपासा.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरू नका. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो किंवा खनिजांची कुपी असते. दाबाकडेही लक्ष द्या: आरओच्या मेंब्रेनला (गाळणाऱ्या पडद्याला) ५० ते ६० पीएसआय लागतात, आणि गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तरी जेमतेम १४ पीएसआय मिळतात. वरच्या मजल्यावर त्याहून कमी. बूस्टर पंपाशिवाय मेंब्रेन सिलिका नीट अडवत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असेल, तर शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येणाऱ्या पाण्यातून साठा करू नका. प्री-फिल्टर त्याच दिवशी तुंबतात.

एप्रिल-मेमध्ये थर का परततो, याचा हिशेब सोपा आहे. पंखे लावलेल्या १०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडालं आणि तेवढंच भरलं, आणि भरण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम सिलिका असली, तर उडतं फक्त पाणी, सिलिका मागे राहते. महिन्याला टाकीत लिटरमागे ०.९ मिलिग्रॅम भर पडते, म्हणजे डायटमला भरपूर खाऊ. पाणी सुधारल्यावर थोडं जीएफओ लावलं तर तेही सिलिकेट शोषतं, पण फॉस्फेट मोजत राहा. ते शून्यावर नेलंत तर पुढच्या दुखण्याला तुम्हीच दार उघडाल.

डायनो असतील तर टाकीला खायला घाला

हे पटायला जड जातं, कारण समोर घाण दिसत असते. डायनो बहुतेकदा अशा टाकीत माजतात जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आलेले असतात. अन्न संपल्यावर बाकीची शेवाळं आणि जिवाणू मागे पडतात, डायनो तगतात आणि मोकळी जागा व्यापतात. कोरड्या खडकावर सुरू केलेल्या टाकीत जिवाणूंची विविधता आधीच कमी असते, तिथे हे लवकर होतं.

पहिल्याच दिवशी जीएफओ काढा, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) दिवसातून काही तासच चालवा आणि पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असं ठेवायचं आहे. नुसतं खाणं वाढवून हे नेमकं जमत नाही, म्हणून मोजून द्यावं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट १३.७ ग्रॅम १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. याचे १० मिली १०० लिटरच्या टाकीत नायट्रेट १ पीपीएमने वाढवतात. दिवसाला २ ते ३ पीपीएमपेक्षा जास्त नको. फॉस्फेटसाठी निर्जल डायसोडियम फॉस्फेट १ ग्रॅम १ लिटरमध्ये. याचे ३ मिली १०० लिटरमध्ये ०.०२ पीपीएम वाढवतात. कोरडा खडक फॉस्फेट शोषून घेतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा शून्य दिसेल. घाबरून एकदम दुप्पट देऊ नका, रोज मोजून रोज द्या. शेतीचं मिश्र खत वापरू नका, त्यात तांब्या-जस्तासारखे धातू असू शकतात.

थर रोज सायफनने काढा, पण पाणी ५ ते १० मायक्रॉनच्या पिशवीतून गाळून टाकीतच परत सोडा. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि तीन-चार दिवसांनी बदला. मरणारे डायनो विष सोडतात.

यानंतर जात कामाला येते. ऑस्ट्रिऑप्सिस आणि कूलिया रात्री पाण्यात सुटतात, त्यांना यूव्ही (पाणी ज्याच्यातून फिरवतात तो अतिनील दिवा) मारतो. प्रोरोसेंट्रम आणि लहान पेशीचा अँफिडिनियम यांच्यावर तो काही अंशी चालतो. १०० लिटरला साधारण ९ ते १० वॉट लागतात, प्रवाह ताशी १०० ते ३०० लिटर इतका संथ, आणि पाणी सम्पमधून (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या फिल्टर टाकीतून) नव्हे तर थेट मुख्य टाकीतून घेऊन तिथेच परत. फिल्टरच्या आत बसवलेल्या छोट्या यूव्हीने हे काम होत नाही. सोबत तीन दिवस पूर्ण अंधार केला तर फरक लवकर दिसतो. मऊ प्रवाळ तेवढं सोसतात, पण पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, म्हणून एअर स्टोन सतत चालू हवा आणि लाइट गेली तर बॅटरीवरचा पंप तयार हवा.

मोठ्या पेशीचा अँफिडिनियम रेती सोडत नाही, त्याच्यावर यूव्ही वाया जातो. तिथे आपण आतापर्यंत हाकलत होतो तीच सिलिका मुद्दाम द्यायची. सोडियम सिलिकेटचं पातळ द्रावण रोज थोडं देऊन, किटने मोजत, टाकीत लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका ठेवली की डायटम वाढतात आणि रेतीवरची जागा डायनोकडून घेतात. हे द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि जोराच्या प्रवाहात थेंब-थेंब सोडा. बोअरचं पाणी थेट ओतून हे साधत नाही. त्यात सिलिकेसोबत काय येईल याचा भरवसा नसतो.

मेडिकलमधून एरिथ्रोमायसिन आणून टाकीत विरघळवणारेही आहेत. ते सायनोवर चालतं, कारण सायनो जिवाणू आहे. डायटम आणि डायनो जिवाणू नाहीत. औषधाने मरतात ते डायनोशी स्पर्धा करणारे उपयोगी जिवाणू, आणि थर दुप्पट होतो.

उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धागे नाहीसे होऊन रेतीवर भुकटीसारखा सोनेरी थर आला, गोगलगायी त्यावर चरू लागल्या, तर जीएफओ परत लावू नका. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डायटमच असल्याची खात्री करा. सिलिका देत असाल तर हळूहळू कमी करा, नायट्रेट-फॉस्फेट मात्र चालू ठेवा. सलग दोन आठवडे एकही पोहणारी पेशी दिसली नाही, की ५ टक्क्यांपासून पाणी बदलायला पुन्हा सुरुवात करा.