ओठांचं उरलेलं फिलर डोळ्यांखाली?

लग्नसराई जवळ आली की वडोदऱ्यात दांडिया बाजारपासून अलकापुरीपर्यंत एक सल्ला फिरतो: ओठांना फिलर घेतलंस ना, मग उरलेलं डोळ्यांखाली भरून घे, औषध तर एकच! फिलर म्हणजे भरीवपणा आणायला कातडीखाली टोचायचं जेल. त्यातला मूळ पदार्थ, हायल्युरोनिक ॲसिड, एकच, हे खरं. पुढचं चूक.

हे ॲसिड आपल्या त्वचेत असतंच. १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळं केलं गेलं. नुसतं टोचलं तर लवकर जिरतं, म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांना जोडून जेल करतात. जोडणी कशी, यावर ते मऊ की घट्ट हे बरंचसं ठरतं. गाल, हनुवटी यांना हाडालगत आधार हवा, तिथे घट्ट जेल. ओठ सतत हलतात, तिथे मऊ. डोळ्यांखालची कातडी फार पातळ. जास्त पाणी ओढणारं जेल तिथे गेलं की सूज राहते, आणि ते वरच्या थरात बसलं तर निळसर झाक दिसते. म्हणजे काळी वर्तुळं घालवायला जायचं आणि निळी घेऊन यायचं!

नाक, तसंच दोन भुवयांच्या मधली जागा, सर्वांत धोक्याची. जेल रक्तवाहिनीत शिरलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून पार्लरमध्ये नकोच. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा, आणि जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेज त्यांच्याकडे तयार आहे का, हे आधीच विचारा. उघडलेली सिरिंज पुढच्या खेपेसाठी राखून ठेवणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नका; जंतुसंसर्गाला तेवढं पुरतं.