मृगापासून रेड अलर्टपर्यंत, पावसाच्या अंदाजामागची गोष्ट

जून लागला की ठाण्यात, नवी मुंबईत एकच विषय, वेधशाळेने काय सांगितलंय. अंदाज चुकला की सगळे हवामान खात्यावर तुटून पडतात, पण हा अंदाज मुळात कशाच्या जोरावर दिला जायचा ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

इथले आगरी शेतकरी ७-८ जूनच्या मृगावर भाताची पेरणी धरायचे आणि सप्टेंबरअखेर हत्तीचा पाऊस कोसळणार हे गृहीत असायचं. याला कुणी अडाणीपणा म्हटलं तर मला पटत नाही, त्यात कित्येक पिढ्यांचं बारीक निरीक्षण आहे. आणि खरं सांगायचं तर सरकारी अंदाजाची रीतही तीच होती, मागचं बघून पुढचं सांगायचं. हवामान खातं १८७५ ला सुरू झालं, १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्डसाहेब हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अदमास घ्यायला लागले आणि ४ जून १८८६ ला पहिला रीतसर अंदाज निघाला. मग गिल्बर्ट वॉकर आले, त्यांनी जगभरातल्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवून पॅसिफिक समुद्राचा आणि आपल्या पावसाचा संबंध दाखवला, आज आपण एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याच्या बातम्या वाचतो त्याची मुळं तिथे आहेत. १९८८ पासून वसंत गोवारीकरांचं १६ घटकांचं मॉडेल आलं, बरीच वर्षं ते चाललं, पण २००२ ला अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के आणि पाऊस झाला ८१ टक्के.

आता मुद्दा असा की ही सगळी पद्धत पूर्वी जसं झालं तसंच पुढे होईल यावर उभी होती, आणि हवामान बदल नेमका त्यावरच घाव घालतो. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, त्यात अरबी समुद्र तापलेला, मग ते बाष्प एकदम कोसळतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. तारखाही हलल्या, २०२० मध्ये खात्याने मुंबईतून मान्सून परतायची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर नेली. पण तारखा बदलून तरी काय, २०२५ ला तो २६ मे लाच मुंबईत हजर, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता.

२६ जुलै २००५ तर कुणीच विसरणार नाही, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा मुंबईत पावसाच्या ढगांचा माग काढणारं डॉप्लर रडारच नव्हतं, ते नंतर आलं. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झालं, म्हणजे जुन्या आकड्यांच्या जोडीला समुद्र आणि वातावरण दोन्हीचं गणित सुपर कॉम्प्युटरवर सोडवायचं, आणि २०२५ पासून पुढच्या काही दिवसांच्या अंदाजाचं गणित नकाशाचे ६-६ किलोमीटरचे चौकोन पाडून होतं. मला वाटतं अंदाज सुधारलेत, खूपच सुधारलेत, फक्त आपल्याला लागणारा प्रश्नच आता जास्त अवघड झालाय.

वाशी, नेरुळचंच बघा. हा भाग खाडीत भराव टाकून वसवलेला, बराचसा भरतीच्या पातळीच्या खाली, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने होल्डिंग पॉन्ड बांधले, भरतीला खाडीचं पाणी बाहेर अडवायचं, पावसाचं पाणी पॉन्डमध्ये साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं. आता बऱ्याच पॉन्डमध्ये गाळ भरलाय, वर खारफुटी उगवलीय, तिला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून गाळ काढणं अडतं, म्हणजे साठवायची जागा कमी आणि एका तासात पडणारं पाणी जास्त. इथल्या माणसाला सीझनमध्ये १०६ टक्के पाऊस पडणार हे कळून काय उपयोग, त्याला हवंय दुपारच्या भरतीच्या त्या दोन-तीन तासांत वाशीवर किती पडेल. आणि अलर्ट येतो अख्ख्या जिल्ह्याला, ऐरोली ते बेलापूर ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात, ठाण्याचा ऑरेंज अलर्ट शहापूरला खरा ठरतो आणि वाशी कोरडी राहते, मग लोक पुढच्या अलर्टकडे बघतही नाहीत, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.