ब्लिंपवेड, नागपुरी

ब्लिंपवेड, नागपुरी : एअरशिप म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगणारे आणि इंजिनाने चालणारे वाहन; ब्लिंप म्हणजे आत सांगाडा नसलेली, केवळ वायूच्या दाबावर आकार धरून राहणारी एअरशिप. अशा एअरशिपमधून नागपूरहून कुठेतरी निवांत, खिडकी उघडी टाकून जाता येईल या कल्पनेचा माणसाला लागलेला नाद म्हणजे ब्लिंपवेड. या नादाला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, वार्षिक सभाही नाही. तो बहुधा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर प्रकट होतो. डोक्यावरून विमान गेले तर असा माणूस मान वर करत नाही, पण एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाचा जाहिरातीचा फुगा गच्चीवर डोलताना दिसला की गाडी बाजूला घेऊन थांबतो. मागे बसलेला विचारतो, “काऊन थांबला बे?” त्याला उत्तर मिळत नाही.

एअरशिपचे तीन प्रकार आहेत. झेपेलिनमध्ये धातूचा पूर्ण सांगाडा आणि त्यात वायूच्या वेगवेगळ्या पिशव्या असतात, ब्लिंपमध्ये सांगाडाच नसतो, आणि मधल्या प्रकारात थोडाफार असतो. अमेरिकेत सामन्यांवर घिरट्या घालणारी गुडइयरची प्रसिद्ध एअरशिप २०१४ पासून या मधल्या प्रकारात मोडते, त्यामुळे काटेकोर बोलायचे तर ती ब्लिंप नव्हे. ही दुरुस्ती करायला मिळणे हे या नादातले मोठे सुख आहे आणि नादिष्ट माणूस ते सहसा सोडत नाही.

रचना : ब्लिंपच्या पोटात हेलियम असतो आणि त्या हेलियमच्या आत साध्या हवेच्या एक-दोन पिशव्या. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, हेलियम पसरतो आणि पिशव्यांतली हवा झडपांतून बाहेर ढकलली जाते. खाली येताना ती पुन्हा भरायची, नाहीतर ब्लिंपचे नाक आत बसते. पुढची पिशवी जास्त भरली की नाक जड होऊन खाली झुकते, मागची भरली की वर उचलते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा अगदी किंचित जास्त असल्याने लहान भोक पडले तर धडाका होत नाही, वायू सावकाश गळत राहतो. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. हायड्रोजन थोडे अधिक उचलतो आणि स्वस्तही पडतो, पण तो पेटतो.

यातले बरेचसे घरच्या घरी पाहता येते. वाढदिवसाच्या सजावटीच्या दुकानातून हेलियम भरलेला रबरी फुगा आणावा. (जत्रेतल्या फुगेवाल्याचा गॅस बहुधा हायड्रोजन असतो आणि कॉस्टिक सोडा व ॲल्युमिनियमचे तुकडे घालून तो तयार करणारी जुगाडू सिलिंडरे फुटून माणसे दगावली आहेत. तो फुगा नकोच.) फुग्याच्या दोऱ्याला कागदाची लांब पट्टी बांधावी आणि फुगा छताला न लागता, जमिनीवरही न टेकता मधेच थांबेपर्यंत कात्रीने पट्टीचे तुकडे कापत जावे. शेवटचे तुकडे नखाएवढे करावे लागतात; एक जास्त कापला गेला की फुगा वर निघतो. तो छातीच्या उंचीला स्थिर झाला की जो आनंद होतो त्यात ब्लिंपवेडाचे मूळ आहे. मग कूलर सुरू करावा. फुगा पहिल्या झोतातच खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात जाऊन कपाटाला चिकटतो आणि कूलर बंद होईपर्यंत तिथून हलत नाही. रात्रभरात रबरातून वायू झिरपतो आणि सकाळी फुगा सुरकुतून खाटेखाली सापडतो. वजनाचा तोल, समोरचा वारा आणि वायूची गळती या एअरशिपच्या तीन मुख्य अडचणी एवढ्यात कळतात.

नागपूरचा दावा : शहराच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो झिरो माइलचा. देशाच्या मध्याची खूण म्हणून ओळखला जाणारा हा खांब आणि त्याच्याजवळचे दगडी घोडे प्रत्येक पाहुण्याला दाखवले जातात. देशभर संथ गतीने फिरणाऱ्या वाहनाचा तळ मध्यावरच हवा, हे म्हणणे पटण्यासारखे आहे, कारण ते एकदा विमानांच्या बाबतीत खरे ठरलेले आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चार दिशांची पत्रे एका रात्रीत नागपुरात भेटत होती. ब्लिंपवेड्याला यात फक्त वाहन बदलायचे असते.

दुसरा मुद्दा अंतराचा. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ६९० किमी आहे. आजची झेपेलिन एनटी (नावाने झेपेलिन, पण प्रकाराने मधली) ताशी सव्वाशे किमीपर्यंत जाते. ताशी ११० धरले तर सव्वासहा तास होतात, म्हणजे ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गावरच्या मोटारीपेक्षा कमीच, आणि टोल नाही. हा हिशेब ठेल्यावर फार वेळा मांडला जातो. वाऱ्याचे नाव त्यात कोणी काढत नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा समोरून ताशी ५० किमीने लागला तर त्याच प्रवासाला साडेअकरा तास लागतात आणि एअरशिप विदर्भ एक्सप्रेसच्या पंक्तीला जाऊन बसते. तिच्यात निदान बर्थ मिळतो.

उन्हाचा हिशेब : नागपूरच्या हवेने या स्वप्नाला दिलेले उत्तर आकड्यांतच पाहावे. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवा कमी उचलते. १५ अंश तापमानाला समुद्रसपाटीवर जेवढे वजन उचलले जाते त्यापेक्षा ४५ अंशांना सुमारे नऊ टक्के कमी उचलले जाते. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर असल्याने आणखी तीन-साडेतीन टक्के जातात. झेपेलिन एनटीमध्ये आठ हजार घनमीटरांहून थोडा अधिक हेलियम मावतो, म्हणजे तिची उचल साडेआठ टनांच्या आसपास. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी त्यातला टनभर भार कमी होतो. या एअरशिपमध्ये जास्तीत जास्त चौदा-पंधरा प्रवासी बसतात आणि त्यांचे वजन मिळून जवळपास तेवढेच भरते. थोडक्यात, मे महिन्यात एअरशिप नागपुरातून उडू शकते, प्रवाशांना मात्र खालीच राहावे लागेल.

जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस. भिजलेल्या आवरणावरचे पाणीही वाहून न्यावे लागते आणि विजांच्या ढगांजवळ एअरशिप नेण्याचा विचार शहाणा चालक करत नाही. जानेवारीत हवा थंड आणि शांत असते, पण संक्रांतीच्या आगेमागे महालापासून पाचपावलीपर्यंतच्या गच्च्यांवरून बंदी असलेला नायलॉनचा मांजाही बिनधास्त वर जातो. त्याने आवरणाला चीर पडली तर ब्लिंप फुटणार नाही हे वर सांगितलेच आहे. तो हळूहळू खाली येईल आणि उतरेपर्यंत सगळ्या गच्च्यांवरून “ओ पार” ऐकत येईल.

इतिहासातील आधार : ब्लिंपवेड्याला इतिहास तोंडपाठ असतो, त्यातला सोयीचा भाग जास्त. वाफेच्या इंजिनावरची पहिली एअरशिप आंरी जिफार याने २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून सुमारे २७ किमी नेली. वाऱ्याविरुद्ध परत आणणे त्याला जमले नाही. काउंट झेपेलिनची पहिली एअरशिप २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावरून उडाली. तिची शेड पाण्यावर तरंगती होती, म्हणजे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे तिला फिरवता येई. हे कळल्यापासून काही नागपूरकर फुटाळा तलावाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. सांतोस-द्युमाँ याने १९०१ मध्ये आयफेल टॉवरला वळसा घालून बक्षीस जिंकले आणि पुढे छोटी एअरशिप घेऊन तो पॅरिसच्या रस्त्यावर आपल्या घरासमोर उतरला, वर कॉफी प्यायला गेला. धरमपेठेत मोटार लावायला जागा शोधणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगू नये.

भारताशी थेट संबंध असलेली कहाणी मात्र दुःखद आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात आहे. साम्राज्य एअरशिपने जोडण्याच्या योजनेत ब्रिटिश सरकारने आर १०० आणि आर १०१ या दोन प्रचंड एअरशिप तयार करवल्या. भारतातला तळ त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला ठरला. तिथे भलीमोठी शेड आणि एअरशिप बांधून ठेवायचा मनोरा उभा राहिला. योजनेचे आधारस्तंभ असलेले हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांचा जन्म १८७५ मध्ये नाशिकला झाला होता. आर १०१ ची उचल अपुरी पडत होती म्हणून तिला मधे कापून एक भाग वाढवला, चाचण्या घाईने उरकल्या आणि ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी थॉमसन जड सामानासह तिच्यातून भारताकडे निघाले. त्या सामानात एक पर्शियन गालिचाही होता. पहाटेपूर्वी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पावसावाऱ्यात ती टेकडीवर आदळून पेटली. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यांत थॉमसनही होते. चांगली चालणारी आर १०० सुद्धा मग भंगारात निघाली. कराचीच्या शेडमध्ये एकही एअरशिप कधी आली नाही. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग ही जर्मन एअरशिप जळाली, त्याची चित्रफीत जगाने पाहिली आणि प्रवासी एअरशिपचा काळ तिथे संपला. हायड्रोजनने भरलेल्या त्या जहाजात धूम्रपानाची खोली होती, हा तपशील नागपुरी श्रोत्याला हमखास खरा वाटत नाही.

अलीकडचे अपघात तुलनेने हसण्याजोगे आहेत. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकन लष्कराचा टेहळणीचा फुगा मेरीलँडमध्ये दोर तोडून सुटला आणि मागे सुमारे दोन किमी लांबीची केबल ओढत पेनसिल्व्हेनियात शिरला. केबलने वाटेतल्या तारा तोडत हजारो घरांची वीज घालवली. खाली आल्यावर पोलिसांनी गोळ्या झाडून त्यातला वायू सोडला. वीज जाण्याचे इतके देखणे कारण आपल्याकडे आजवर कोणाला सांगता आलेले नाही. ब्रिटनमधली एअरलँडर १० ही २०१६ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात नाकावर, पण अगदी सावकाश, उतरली. मागून दिसणाऱ्या आकारामुळे तिला ‘उडते ढुंगण’ हे नाव आधीच पडले होते.

सद्यःस्थिती : नागपूरच्या आकाशात ब्लिंप नसला तरी वायूचा फुगा रोज असतो. हवामान खात्याचे नागपूर केंद्र वातावरणाच्या वरच्या थरांची मोजणी करण्यासाठी नियमित फुगे सोडते. खाली लोंबणारे छोटे यंत्र तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत राहते. फुगा वीस-तीस किमीपर्यंत जातो, वाटेत फुगत फुगत कित्येक पट मोठा होतो आणि फुटतो. मध्य प्रदेशातल्या श्योपूर येथून डीआरडीओने ३ मे २०२५ रोजी स्ट्रॅटोस्फिअरमध्ये राहू शकेल अशा एअरशिपची पहिली चाचणी घेतली. ती सुमारे १७ किमी उंचीपर्यंत गेली. तिच्यात माणूस नव्हता, त्यामुळे ठेल्यावर या बातमीचे स्वागत अर्ध्या मनानेच झाले.

ऊन, वारा, पाऊस आणि मांजा वजा केले की नागपुरात एअरशिपसाठी नोव्हेंबर-डिसेंबर उरतात. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि सोनेगावला मंत्र्यांच्या विमानांची वर्दळ असते. तेव्हा अधिवेशनातल्या गरम हवेवर ब्लिंप उडवावा, हा विनोद इथे प्रत्येक जण आपणच पहिल्यांदा केल्यासारखा करतो. ब्लिंपवेडा त्यावर हसत नाही. ब्लिंप हेलियमवर तरंगतो, गरम हवेवर तरंगतो तो बलून, असे तो ऐकवतो. मग थोड्या वेळाने, प्रामाणिक असेल तर, गरम हवेवरची एअरशिपसुद्धा असते आणि ती इंग्लंडमध्ये १९७३ मध्येच उडाली होती हे मान्य करतो. अशी एअरशिप बाहेरची हवा जितकी थंड तितके जास्त वजन उचलते, म्हणजे नागपुरात तिच्यासाठी उत्तम वेळ डिसेंबरातली पहाट. विधिमंडळाचे कामकाज मात्र सहसा अकरापर्यंत सुरू होत नाही.