मरीच्या साथीतले क्रूस: मुंबईतल्या ख्रिस्ती भरवशाची पार्श्वभूमी

‘परमेश्वरावर भरवसा ठेव’ हे वाक्य मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरात कधीही कानावर पडतं. कुणाचं ऑपरेशन असो, नोकरी सुटलेली असो की बारावीचा निकाल उद्यावर आलेला असो. हल्ली ते सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्रासकट येतं आणि आपण न वाचताच हात जोडलेली खूण पाठवून मोकळे होतो. वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालंय. पण या शहरात ते फार वाईट दिवसांतून आलेलं आहे, आणि त्या दिवसांच्या खुणा अजून रस्त्यावर आहेत. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रनवार, चिंबई, कुठल्याही जुन्या ख्रिस्ती वस्तीत जा. गल्लीच्या वळणावर, दोन घरांच्या मधल्या चौकात दगडी क्रूस दिसतो. झेंडूची माळ, काचेच्या पेटीत विझत आलेली मेणबत्ती, चौथऱ्यावर कोरलेलं साल. त्यातले बरेचसे क्रूस प्लेगच्या वर्षांतले आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात माणसं पटापट मरायला लागली. जांघेत, काखेत गाठ, सणसणीत ताप, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. हा गाठीचा प्लेग आहे, असं पहिल्यांदा ठामपणे सांगितलं ते डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, धर्माने कॅथलिक. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, त्याच्याकडे मान वर करून बघायला कुणाला वेळ नसतो ही गोष्ट वेगळी. पुढे जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. त्यांनी इथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. घरं तपासायची, आजाऱ्याला उचलून न्यायचं, सामान जाळायचं, भिंतींना चुना मारायचा. लोकांना प्लेगइतकीच हे करणाऱ्या सरकारी पथकांची धास्ती होती. ज्यांना गाव होतं ते गावाला पळाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या घरात होती. १९०१ ला ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची माणसं दहा वर्षांत कमी झाली.

जे मागे राहिले, त्यांत गावठाणांतले ईस्ट इंडियन बरेच होते. हे इथलेच, कोळी-कुणबी-भंडारी मुळांचे, घरात मराठीची बोली बोलणारे कॅथलिक. पळून जायला यांना दुसरं गाव नव्हतंच. गाव हेच होतं. मग त्यांनी गल्लीत क्रूस उभारले. कुणी साथ दाराशी थांबावी म्हणून, कुणी घरातला आजारी उठून बसला म्हणून. संध्याकाळी गल्लीतली माणसं तिथे जमून जपमाळ म्हणत. ती रीत अजून टिकून आहे. मे महिन्यात कुठल्याही गावठाणात दिवेलागणीला जा, क्रूसासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, म्हाताऱ्या पुढे, पोरं मागे गोंधळ घालत, आणि लादाइन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, संपली की उकडलेले चणे वाटले जातात. चण्यांसाठीच येणारे आम्हीही होतोच.

साथीच्या काळातली ही जुनी युरोपीय सवय पोर्तुगीजांबरोबर आधीच इथे आलेली होती. मरीच्या संकटात धाव घ्यायचे संत म्हणजे सेबॅस्टियन आणि रॉक. वांद्र्यात या दोघांच्याही नावाचे रस्ते आहेत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, क्रूसापुढे गुडघे टेकणारी माणसं डॉक्टरकडे पाठ फिरवून बसली नव्हती. खुद्द व्हिएगस लस टोचत हिंडत होते. भरवसा म्हणजे औषध नको, असा अर्थ काढणाऱ्या सभा आज मुंबईच्या उपनगरांत मोठ्या मंडपांत होतात. त्यांचा या इतिहासाशी काही संबंध नाही.

प्रॉटेस्टंट बाजूची कहाणी बरीच आधी सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. ते राहिले. त्यांचा जोडीदार सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने (कॉलऱ्याने) गेला, हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीनेच. त्याच साली मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. ‘ह्यास्तव उद्याची चिंता करू नका’ हे येशूचं वचन ज्यांनी इथल्या लोकांच्या हाती दिलं, त्यांचा स्वतःचा उद्या असा होता.

ते वचनही आरामात बसलेल्या माणसांना सांगितलेलं नाही. गालीलातले शेतकरी, कोळी, रोजंदार. डोक्यावर कर, हातात आजची भाकर. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल तेव्हा कैदेत होता. आणि स्तोत्र ९१ तर ‘काळोखात फिरणारी मरी, भर दुपारी नाश करणारी पटकी’ यांची नावंच घेतं. प्लेगच्या मुंबईत हे स्तोत्र वाचणाऱ्याला टीपांची गरज नव्हती.

मराठी प्रॉटेस्टंटांच्या भरवशाला सूर दिला कवी नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओव्या, टाळ-मृदंग आले. आजही भायखळ्याच्या किंवा दादरच्या मराठी मंडळीत कुणाच्या मयतीला ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं जातं, तेव्हा त्यातली टिळकांची गीतं बहुतेकांना पाठ असतात.

पण चिंता काय असते हे कळायला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जावं. नवरा धर्म बदलून गेला, पाठीमागे बाई मूल घेऊन नातेवाइकांच्या आधाराने वर्षं काढते, मग त्याच्याकडे परत येते, तरी सोवळं सुटत नाही, आणि अखेर १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेते. टिळकांना हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायची खोड. त्यांचा देवावर भरवसा मोठा खरा, पण चूल कशी पेटायची हा प्रश्न बाईंचा. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं त्या हसत सांगतात. धार्मिक पुस्तकांत हा प्रामाणिकपणा फार क्वचित सापडतो.

कॅथलिक मुंबईत पुढे दोन ठिकाणं मोठी झाली. वांद्र्याच्या डोंगरावरची मोत माउली (माउंट मेरी) ही जुनीच. मूर्ती सोळाव्या शतकातली, सध्याचं देऊळ १९०४ चं. पायऱ्यांजवळच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं टांगलेली असतात. ज्याची जी काळजी, ती मेणात. आता विमानंही मिळतात, कारण व्हिसा हीसुद्धा चिंताच आहे. दुसरं ठिकाण माहीमचं सेंट मायकल चर्च. तिथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मागणं मागायची ठरावीक प्रार्थना, होते, पहाटेपासून रात्रीपर्यंत, मराठीतही. रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे. नवस फिटला की लोक आभाराचं पत्र लिहून देतात. हा भरवसा की देवाशी केलेला सौदा, यावर आमच्या घरांत दोन तट आहेत आणि रविवारच्या जेवणात त्यावरून वाजतं. माझं मत विचाराल तर मेणाचं घर विकत घेणाऱ्या भाडेकरूला धर्मशास्त्र शिकवायला मी जाणार नाही.

मार्च २०२० मध्ये चर्चं बंद झाली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाइलवर आली, त्या वर्षीची वांद्र्याची मोत माउलीची जत्रा रद्द झाली, पुढच्याही वर्षी भरली नाही. मयतीला घरची चार माणसंही पोचत नव्हती. पाळक, फादर फोनवरून प्रार्थना करत. त्याच महिन्यांत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात कोविडचे रुग्ण दाखल होत होते, आणि दाराबाहेर थांबलेले नातेवाईक वॉर्डातल्या नर्सच्या फोनची वाट बघत आधी ऑक्सिजनचा आकडा विचारत, मग सिस्टर, जरा प्रार्थना करा म्हणत.