आवर्ती दशांश समजायचाय? मग बाकीकडे बघा

सातवी-आठवीच्या मुलांना "आवर्ती" (दशांशात आकड्यांचा एकच गट परत परत येतो तो) आणि "अनावर्ती" (येत नाही तो) हे शब्द पाठ असतात, पण १ भागिले ७ केलं की १४२८५७ हेच आकडे पुन्हा पुन्हा का येतात असं विचारलं तर बरीच मुलं गप्प बसतात. खरं तर उत्तर त्यांच्या वहीतच असतं, फक्त सगळ्यांचं लक्ष वरच्या भागाकारावर असतं आणि गंमत चाललेली असते खाली, बाकीमध्ये.

करूनच बघा. १० ला ७ ने भागलं, बाकी ३. मग ३० ला भागलं, बाकी २. पुढे ६, ४, ५ आणि मग पुन्हा १! आता १ परत आला म्हणजे पुढचा सगळा भागाकार पहिल्यासारखाच होणार, दुसरं काही होऊच शकत नाही. सातने भागल्यावर बाकी १ ते ६ यातलीच उरणार (शून्य उरली तर भागाकारच संपला), म्हणजे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत कुठलीतरी बाकी पुन्हा येणारच. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश एकतर संपतो नाहीतर फिरत राहतो, ते याच्यामुळे. आणि ३/७ काढा, त्यात ४२८५७१ येतं, तेच चक्र, फक्त बाकी ३ पासून सुरू झालेलं. मला हे फार सुंदर वाटतं.

संपणार कधी? अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त रूपात आणायचा आणि छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव नसला तर संपणार. ३/८ म्हणजे ०.३७५. आणि ६/१५ मध्ये ३ दिसतो म्हणून फसू नका, तो २/५ आहे, म्हणजे ०.४.

कॅल्क्युलेटर इथे मुलांना चकवतो. १/१७ चा आवर्ती गट १६ आकड्यांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७, आणि साध्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर तो मावतच नाही, मग मुलं म्हणतात हा अनावर्ती. स्क्रीनवर बघून ठरवायचंच नाही, छेद बघायचा. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर, ज्यांचा ६१७४ हा स्थिरांक सगळ्यांना माहितीय, त्यांनीही आवर्ती दशांशांवर लिहिलंय.

आता ०.१०१००१०००१... हा बघा, दर वेळी एक शून्य वाढतंय. यात नियम आहे, पुढचे आकडे आपण सांगू शकतो, तरी हा अनावर्तीच, कारण ठरलेला एकच गट परत परत येत नाही. "पॅटर्न दिसतोय म्हणजे आवर्ती" हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, तो वर्गातच दूर व्हायला हवा.

पाय (π) या संख्येचंही तसंच, तोही अनावर्ती. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., हा आवर्ती, आणि पाय ३.१४१५९२..., तिसऱ्याच दशांश स्थळी दोघं वेगळे होतात. पाय अपरिमेय आहे, म्हणजे पूर्णांक भागिले पूर्णांक असा लिहिताच येत नाही, हे गणितज्ञ लॅम्बर्टने १८व्या शतकात सिद्ध केलं, आणि तेही आकडे मोजून नाही तर तर्काने, कारण कितीही आकडे काढले तरी पुढे कुठेतरी चक्र सुरू होणार नाही हे नुसतं बघून कळणारच नाही.